३९९ की २९९?

कुठला गेम कन्सोल घेऊ, असं कोणी विचारलं की मी १९९५ सालची गोष्ट सांगतो. मे महिन्यात लॉस एंजेलिसला पहिलं ई-थ्री प्रदर्शन भरलं होतं. सेगाने तिथे जाहीर केलं, 'सॅटर्न' सप्टेंबरात नाही, आत्ताच मिळेल. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत तेवढी सांगितली, '२९९', आणि खाली उतरले. टाळ्या!

पण माझ्या मते खरी गोम किमतीत नव्हतीच. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर. कागदावर एकदम भारी! पण दोघांना एकाच वेळी कामाला जुंपणारा कोड लिहिणं म्हणजे डोक्याला ताप, हे आम्हा प्रोग्रामर लोकांना वेगळं सांगायला नको. प्लेस्टेशनवर काम त्या मानाने सोपं होतं. त्यात सॅटर्न अचानक बाजारात आणल्यामुळे बाहेरच्या कंपन्यांचे गेम्स तयारच नव्हते. ज्यांनी ३९९ मोजले ते वाट बघत बसले.

पुढे प्लेस्टेशन १० कोटींवर खपला, सॅटर्न १ कोटीही नाही. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं.

थोडक्यात काय, डब्यातले प्रोसेसर मोजू नका. त्यावर गेम लिहायला कोण तयार आहे, ते आधी बघा.