श्रुतिमापन आणि प्रमाण कान

यंत्रातून निघणाऱ्या नादाला कोणाचा कान प्रमाण मानावा, हा प्रश्न महाराष्ट्रात हेडफोनच्या कितीतरी आधी बाजाच्या पेटीमुळे उपस्थित झाला. पेटीची बारा स्वरांची विभागणी युरोपीय समविभागाची. षड्‌ज २४० कंपनांचा धरल्यास तीत गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा पडतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र ३०० कंपनांचा. गवयाला हे अंतर बोचते.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या बोचणीला अंकांचे रूप दिले. अब्दुल करीम खाँ यांनी स्वर लावावा आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून तो मोजावा, अशी त्यांची पद्धती होती. बावीस श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्यात प्रसिद्ध झाला. सनदी नोकरीतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी ही गणिते उचलून धरली, १९१३ साली स्वतःचा ग्रंथ लिहिला, आणि श्रुतींची पेटीही तयार झाली. परिश्रम मोठे खरे. परंतु एका थोर गवयाचा गळा आणि भरताचा ग्रंथ यांचा मेळ आधीच गृहीत धरून मापन झाले, हा या प्रयोगाचा दुबळा भाग होय. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत हा प्रश्न चर्चेस आला. विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांनी लावलेला प्राचीन ग्रंथांचा अर्थ मान्य नव्हता. त्यांची भूमिका पुढील संशोधनाने बरीच बळकट केली: नझीर जैराझभॉय व स्टोन यांनी १९६३ साली ध्वनिमुद्रणांचे मापन प्रसिद्ध केले, तेव्हा एकाच रागातील तोच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, असे आढळले.

हेडफोनचा इतिहास याच वळणांनी गेला आहे. प्रतिध्वनिरहित खोलीत समोरच्या ध्वनिक्षेपकाचा नाद कानात जसा पोहोचतो, तसा हेडफोनने द्यावा, हे आरंभीचे प्रमाण. सर्व दिशांनी येणाऱ्या नादाचे प्रमाण अधिक योग्य, असे प्रतिपादन गुंथर थाइले यांनी १९८६ साली केले. दोन्ही प्रमाणे मापनातून निघालेली. ऐकणाऱ्याची पसंती त्यांत विचारलेलीच नव्हती. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व सहकारी यांनी ती विचारली. उत्तम ध्वनिक्षेपक साध्या खोलीत जसा ऐकू येतो त्याच्या आधारे त्यांनी एक लक्ष्यरेषा आखली, निरनिराळ्या श्रोत्यांकडून ती पारखून घेतली, आणि २०१३ पासून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. अर्थात पसंतीची सरासरी म्हणजे सत्य नव्हे. खर्जाच्या बाबतीत श्रोत्यांची आवड वय आणि सवय यांनुसार बदलते, हे त्याच संशोधकांना दिसून आले.

देवलांच्या पेटीची अशी बहुश्रोतृक पारख झाली नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवरच बंदी घातली. ती पुढे सत्तरीच्या दशकात शिथिल झाली, तेव्हा परतली ती बारा स्वरांचीच पेटी.