चाकातला उजेड

पुण्यात ज्यांचे बालपण सायकलींच्या राज्यात गेले, त्यांच्या स्मरणात दिवेलागणीच्या वेळचा एक देखावा खचित असेल : कचेऱ्या सुटून घराकडे वळलेल्या सायकलींची अखंड रांग, आणि चौकात शिपाई उभा दिसताच त्या रांगेतून निमूट खाली उतरून सायकल हाताने ढकलीत नेणारे चार-दोन लोक. नगरपालिकेचा कर भरल्याची साक्ष देणारा बिल्ला त्यांच्या सायकलीला असे, घंटाही असे. परंतु दिव्यातले घासलेट संपलेले, किंवा सेल उतरलेले, किंवा डायनॅमोची तार तुटलेली, आणि कायदा असा की दिव्यावाचून सायकलीवर बसणे हा गुन्हा, तिच्या शेजारून चालणे मात्र गुन्हा नव्हे. लहानपणी हा नियम मला केवळ दंडवसुलीचा वाटे. पुढे चार-चार, सहा-सहा दिवसांच्या सायकलप्रवासाची गोडी लागली, मजल चुकून अंधारात मुक्काम गाठण्याचे प्रसंग आले, तेव्हा कोठे उमगले की उजेड बरोबर बांधून न्यावा की वाटेत स्वतःच्या पायांनी निर्माण करावा, हा प्रवाशाचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याच्या उत्तरांनाही एक इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ अर्थातच साठवणीच्या उजेडापासून होतो. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशा उंच सायकलींच्या काळात तेलाचा कंदील पुढच्या चाकाच्या आसालाच, आऱ्यांच्या आत टांगीत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांनी १८७९ च्या सुमारास असाच एक कंदील विक्रीस काढला आणि त्याला ‘किंग ऑफ द रोड’ असे राजबिंडे नाव दिले. १८८८ साली इंग्लंडात स्थानिक कारभाराचा जो कायदा झाला, त्यातील एका कलमाने सायकलीची गणना गाड्यांमध्ये केली, आणि त्याबरोबरच सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत तिच्यावर पेटता दिवा असलाच पाहिजे, असा दंडक घातला. सायकलीला रस्त्यावरचा हक्क आणि दिव्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच कलमाने मिळाल्या, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेलाच्या दिव्याने कायद्याचे समाधान होई, रस्ता मात्र दिसत नसे. ती उणीव भरून निघाली ती एका चुकलेल्या प्रयोगामुळे. थॉमस विल्सन हे कॅनडाचे गृहस्थ १८९२ साली अमेरिकेत विजेच्या भट्टीवर अॅल्युमिनियम काढण्याच्या खटपटीत असता त्यांच्या हाती अॅल्युमिनियमऐवजी कॅल्शियम कार्बाइड आले, आणि त्यावर पाणी पडताच निघणारा अॅसिटिलीन वायू अत्यंत शुभ्र ज्योतीने जळतो, याचा फायदा दिवे करणाऱ्यांनी तत्काळ उचलला. या दिव्याला दोन कप्पे असत : वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे. वरच्या खिट्टीने पाण्याचे थेंब जितके सोडावेत तितका वायू, आणि वायू तितका उजेड. मजल संपल्यावर खालच्या कप्प्यात उरलेला ओला चुना खरवडून टाकणे हा प्रवाशाचा रोजचा शिरस्ता होऊन बसला. कार्बाइडचा उग्र दर्प सहन करूनही लोकांनी हा दिवा कित्येक वर्षे सोडला नाही, कारण प्रखरतेत त्या काळच्या विजेच्या सायकलदिव्याला त्याची बरोबरी करता येत नव्हती. बहुदिवसीय प्रवासात मात्र खड्यांचा हवाबंद डबा जवळ बाळगावा लागे, आणि तो डबा भिजला तर त्या रात्रीचा उजेड तर जाईच, वर ज्वालाग्राही वायूची धास्ती लागे.

विजेचे दोन्ही मार्ग तोपर्यंत तयार होतेच. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष गतीतून वीज उत्पन्न होते, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले होते. आणि न सांडणारा, खिशात घालता येणारा कोरडा सेल कार्ल गास्नर यांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केला होता. एकाने उजेडाची रोजची कमाई शक्य केली, दुसऱ्याने बेगमी. जर्मनीच्या बॉश कारखान्याने सायकलीचा डायनॅमो बाजारात आणला तो १९२३ साली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर तोडून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. इराण आणि सिरियाच्या वाळवंटांतून गेलेल्या त्या प्रवासाचा विचार करताना माझ्या मनात नेहमी येते की जेथे पुढचे दुकान आठवड्याच्या अंतरावर आहे, तेथे बेगमीवर चालणारी प्रत्येक वस्तू, मग ते पाणी असो की दिवा, माणसाच्या स्वातंत्र्याचे माप ठरते.

डायनॅमोची थोरवी येथे आहे. बाटलीच्या आकाराच्या जुन्या डायनॅमोला वर एक खाचांची लहान चाकी असे. खटका दाबला की ती टायरच्या अंगाला टेके, आत चुंबक फिरू लागे आणि चाकाच्या वेगाबरोबर गुणगुणत दिवा उजळे. सहा व्होल्ट आणि तीन वॅट हे त्याचे रूढ माप. त्यांतले दोन पूर्णांक चार दशांश वॅट पुढच्या दिव्याला, उरलेले सहा दशांश मागच्या तांबड्याला. मात्र पुढचा बल्ब गेला की सगळा प्रवाह मागच्यावर येई आणि तोही जाई, म्हणून अनुभवी माणूस दोन्ही जादा बल्ब कापसात गुंडाळून खिशात ठेवी. एका आषाढात खंबाटकीच्या चढावर मी डायनॅमोचा दुसरा दोष अनुभवला : भिजलेल्या टायरवरून चाकी घसरू लागली, वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला, दिवा तांबूस होत होत निखाऱ्यासारखा राहिला, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीला वाट देण्यासाठी थांबलो त्या क्षणी पूर्ण विझला. जेथे माणूस सर्वांत मंद आणि म्हणून सर्वांत असुरक्षित असतो, नेमका तेथेच हा दिवा साथ सोडतो.

सेलच्या दिव्याचे वर्तन याच्या उलट. तो थांबल्यावरही जळतो, सायकलीवरून काढून तंबूत नेता येतो, पंक्चर काढताना हाताशी येतो. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, गावापासून दूर, तो मंदावतो.

मागच्या दिव्याच्या इतिहासात तर उजेडाचा प्रश्न हक्काच्या वादाशी गुंतला. मागे तांबडा दिवा सक्तीचा करण्यास इंग्लंडच्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने दीर्घकाळ विरोध केला. पुढच्याला न धडकण्याची जबाबदारी मागून येणाऱ्या मोटारीची, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाच्या दृष्टीने ते बरोबर होते असे मी अजूनही मानतो, आणि तरीही मागच्या दिव्यावाचून मी रात्री उंबरठा ओलांडणार नाही.

डायनॅमो आणि सेल या दोन मार्गांचा समेट करण्याची तजवीज सर्वप्रथम नेटकेपणाने केली ती नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्याने. १९३६ साली त्यांनी डायनॅमो थेट चाकाच्या हबमध्ये बसवला. टायरशी घर्षण नाही, पावसात घसरणे नाही, आवाज नाही. चाक फिरते तोवर वीज. त्याच्या जोडीला त्यांनी कोरड्या सेलची एक नळी देऊ केली आणि पुढे असे एक उपकरणही, की सायकल मंदावली वा थांबली म्हणजे दिवा आपोआप सेलवर जावा. ‘डायनोहब’ १९८४ पर्यंत निघत राहिला. फ्रान्समध्ये रने हर्स यांच्यासारख्या कारागिरांनी दूरच्या प्रवासाच्या सायकली बांधताना तारा सांगाड्याच्या नळ्यांतून आतून नेल्या. तारेचे एक टोक तुटले तर रात्र वाया जाते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या देशात पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची दौड १८९१ पासून आहे. पहिल्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी ती झोपेवाचून सुमारे ७१ तासांत पुरी केली. आज पुण्या-मुंबईकडचे स्वारही त्याच परंपरेतील ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करावयाच्या लांब दौडी, करतात; ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत असते, आणि काळोखात पुढचा व मागचा दिवा चालू असणे हा तेथे अनिवार्य नियम आहे.

गेल्या तीस वर्षांत पारडे दोन्ही बाजूंनी हलले. ट्यूबिंगनच्या विल्फ्रीड श्मिट यांनी १९९० नंतरच्या दशकात हबचा डायनॅमो नव्याने घडवला. ज्या निळ्या प्रकाशाच्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तिच्यातून पांढरा दिवा आला, आणि त्याच तीन वॅटांत पूर्वीच्या अनेकपट उजेड पडू लागला. कपॅसिटर नावाच्या लहानशा संग्राहकामुळे थांबल्यावरही काही मिनिटे दिवा तेवतो. इकडे लिथियमच्या बॅटऱ्या इतक्या समर्थ झाल्या की जर्मनीने डायनॅमोची जुनी सक्ती २०१३ साली सैल करून सर्व सायकलींना बॅटरीची मुभा दिली.

एक-दोन रात्रींसाठी बॅटरीच घ्यावी, असे मी कोणालाही सांगेन. तीन वॅटचा दिवा दहा तास जाळण्यास तीस वॅट-तास लागतात आणि तेवढी वीज आज मुठीत मावते. परंतु कोकणातून गोव्यापर्यंत आठ दिवस जायचे असेल, मुक्कामाच्या गावी संध्याकाळी वीज असेल की नाही याचा भरवसा नसेल, तर माझ्या पुढच्या चाकात हबचा डायनॅमो असतो. दिवसा तो फोनलाही वीज पुरवतो. मागे एक दिवा त्याच तारेवर, दुसरा सेलवर; आणि हँडलच्या पिशवीत, पंक्चरच्या डबीशेजारी, बोटाएवढी एक विजेरी, चाक थांबल्यावर साखळी चढवण्यासाठी.