साखरखेर्डा ते समृद्धी: रस्त्याच्या दोन वेगांचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा इतिहासात येते ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला. त्या फौजांचा वेग घोड्याबैलांच्या दमावर ठरे. आज याच सिंदखेडराजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. तेथे वेग कोण ठरवतो?

२/ अभियंत्यांच्या लेखी रस्त्याला दोन वेग असतात. वळणाची त्रिज्या, उतार आणि दृष्टीचा टप्पा ज्या वेगासाठी आखतात, तो संकल्पित वेग. मोकळ्या रहदारीत १०० पैकी ८५ वाहने ज्या वेगाच्या आत धावतात, तो प्रत्यक्ष वेग.

३/ १९३६ मध्ये अमेरिकेतील जोसेफ बार्नेट यांनी संकल्पित वेगाची व्याख्या केली. तिचा आधार चालकांचे वर्तन हाच होता: गावाबाहेर वेगवान चालक साधारणपणे जो एकसारखा वेग धरतील, तो गृहीत धरून सबंध रस्ता आखावा. लांब सरळ पट्ट्यानंतर अवचित येणारे तीव्र वळण घातक ठरते, हा अनुभव त्यामागे होता.

४/ भारतात याच सुमारास पाया घातला गेला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिच्या १९८० च्या मानकांत सपाट प्रदेशातील राष्ट्रीय महामार्गासाठी ताशी १०० किमी हा संकल्पित वेग आहे.

५/ पुढे व्यवहारात मूळ अर्थ निसटला. संकल्पित वेग म्हणजे केवळ किमान अट, असे झाले. सपाट मुलखात रस्ता त्या अटीहून कितीतरी मोकळा निघतो. चालकाला आकडा दिसत नाही, मोकळेपणा दिसतो. साहजिकच प्रत्यक्ष वेग पुढे जातो.

६/ समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आखणी ताशी १५० किमीची, मोटारींना मर्यादा १२० ची, मालवाहू वाहनांना ८० ची. दोहोंतील अंतर ही सुरक्षेची शिल्लक आहे; पण तोच प्रशस्त रस्ता ती शिल्लक खर्च करण्याचा मोहही घालतो. वेग १२० वरून १५० वर गेला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपटीहून अधिक वाढते.

७/ १ जुलै २०२३ रोजी याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. एका दुर्घटनेचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. मात्र आकडा फलकावर लिहून अभियंत्याचे काम संपत नाही. रस्ता खुला झाल्यावर प्रत्यक्ष वेग मोजणे आणि तो वाढलेला दिसताच रस्त्यात किंवा देखरेखीत बदल करणे, हाही आखणीचाच भाग आहे.