टामिया हॉर्नेट

टामिया हॉर्नेट ही जपानमधील टामिया या कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेली रेडिओ-नियंत्रित विद्युत बग्गी आहे. प्रत्यक्ष वाहनाच्या एक-दशांश आकाराची ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळते आणि घेणाऱ्याने ती स्वतः जोडायची असते. हॉर्नेट या इंग्रजी शब्दाचा अर्थ गांधीलमाशी असा होतो. साधी रचना, माफक किंमत आणि खडबडीत जमिनीवर धावण्याची क्षमता यांमुळे १९८० च्या दशकात अनेकांची ही पहिली छंदगाडी ठरली. २००४ साली कंपनीने ती पुन्हा उत्पादनात आणली. त्यामुळे आज मूळ काळातील जुन्या गाड्या आणि नव्याने घडवलेल्या गाड्या, दोन्ही वापरात आढळतात. दोहोंची मूळ रचना सारखीच असल्याने त्यांची देखभाल आणि त्यांतील सुधारणा यांचे प्रश्नही बहुतांशी समान आहेत.

पार्श्वभूमी

टामियाची स्थापना १९४६ साली शिझुओका येथे झाली. आरंभी लाकडाचा व्यापार करणारी ही कंपनी पुढे लाकडी आणि नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. तिची पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार, पोर्शे ९३४, १९७६ साली आली. १९७९ च्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या बग्ग्यांनी कच्च्या जमिनीवर धावणाऱ्या गाड्यांची आवड रुजवली. मात्र धातूचे भाग बरेच असल्याने त्या जड आणि महाग होत्या. १९८४ मधील ग्रासहॉपर आणि तिच्या पाठोपाठ आलेली हॉर्नेट यांनी हाच आनंद स्वस्त प्लॅस्टिकच्या चॅसीत आणला. ग्रासहॉपरमध्ये लहान ३८० वर्गाची मोटार होती. हॉर्नेटला तीच चॅसी, पण ५४० वर्गाची मोठी मोटार आणि मागे तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर मिळाले.

रचना

हॉर्नेटची चॅसी एबीएस प्लॅस्टिकची, टबासारखी खोलगट आहे. बॅटरी, रिसीव्हर आणि सर्व्हो तिच्या पोटात बसतात, त्यामुळे धूळ व खडे यांपासून त्यांचे बरेच रक्षण होते. पुढील दोन्ही चाके स्वतंत्र बाहूंवर असून बाहू वरखाली होताना चाकांचा कलही बदलतो. पुढच्या स्प्रिंगांना तेलाचे दमन नाही. दांड्याच्या घर्षणावरच भागवलेले आहे.

या गाडीचे वैशिष्ट्य, आणि तिचा सर्वांत मोठा दोषही, मागच्या बाजूस आहे. मोटार, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे सर्व एकाच पेटीत बांधलेले असून ती संपूर्ण पेटी वरखाली हलते व डावी-उजवीकडे कलते. म्हणजे खड्ड्यावरून जाताना केवळ चाक उचलले जात नाही. चाकाबरोबर मोटारीसकट सगळा जड भाग उचलला जातो. स्प्रिंगवर न तोललेले हे वजन इतके असते की तेलाचे दोन छोटे शॉक ॲब्सॉर्बर त्याला वेळेत आवरू शकत नाहीत. त्यात टायर पोकळ रबराचे. परिणामी वेग वाढवताच गाडी मागून चेंडूसारखी उडू लागते. या उड्या हॉर्नेटच्या ओळखीचाच भाग बनल्या असून त्या पूर्णपणे घालवल्यास गाडीची मजा जाते, असे मानणारेही पुष्कळ आहेत.

गाडीचे कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असते. ते आतल्या बाजूने रंगवायचे असते, त्यामुळे बाहेरून ओरखडे पडले तरी रंग शाबूत राहतो. ग्रासहॉपरचे कवच याउलट टणक प्लॅस्टिकचे आहे.

फेरनिर्मिती

२००० नंतर ज्यांनी लहानपणी या गाड्या दुकानाच्या काचेतून पाहिल्या होत्या, ती पिढी कमावती झाली होती. हॉर्नेट २००४ मध्ये, फ्रॉग २००५ मध्ये, हॉटशॉट २००७ मध्ये, सँड स्कॉर्चर २०१० मध्ये आणि अव्हान्ते २०११ मध्ये परतली. अन्य कंपन्यांनीही हाच मार्ग धरला: असोसिएटेडची आरसी१० २०१३ मध्ये आणि क्योशोची ऑप्टिमा २०१६ मध्ये पुन्हा आली.

या फेरनिर्मितीचा सर्वांत मोठा लाभ जुन्या गाड्यांनाच झाला. तोपर्यंत तुटलेल्या बाहूसाठी किंवा भेगाळलेल्या चॅसीसाठी दुसरी जुनी गाडी मोडावी लागे. नवे भाग बहुतांशी जुन्या गाडीत बसत असल्याने कपाटात पडलेल्या कितीतरी हॉर्नेट पुन्हा जमिनीवर आल्या.

देखभाल

जुनी गाडी हाती आल्यावर ती लगेच चालवून पाहण्याचा मोह टाळणे इष्ट असते. वाळलेले ग्रीस, गंजलेले बुश आणि कडक झालेले टायर यांसह दिलेली एक धाव सुट्या न मिळणाऱ्या भागाचा बळी घेऊ शकते. गाडी पूर्ण सोडवून, प्रत्येक भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवणे हा नेहमीचा आरंभ होय. पेट्रोल, थिनर किंवा ब्रेक साफ करण्याचे फवारे एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांना घातक असतात. त्यांनी प्लॅस्टिक लगेच विरघळले नाही तरी काही दिवसांनी स्क्रूभोवती बारीक भेगा उमटतात. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचे द्रवही याच कारणाने फक्त धातूत बसणाऱ्या स्क्रूंनाच लावतात.

स्क्रूंची गोष्ट वेगळी सांगण्याजोगी आहे. टामियाचे अधिकउण्याच्या खाचेचे स्क्रू जपानी मानकाचे असून नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही. तो घसरतो आणि खाच गोल होते. जपानी मानकाचे टोक असलेला स्क्रूड्रायव्हर ही जुन्या गाडीसाठी घ्यावयाची पहिली वस्तू मानली जाते. प्लॅस्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवतात. जुन्या आट्यात टक्कन उतरल्याचे बोटांना जाणवले की मगच आवळतात. ही सवय नसल्यास प्रत्येक जोडणीत नवे आटे पडून भोक सैल होत जाते.

भागांचे प्लॅस्टिक एकाच प्रकारचे नसते. नायलॉनचे भाग हवेतील ओलावा शोषून लवचीक राहतात आणि वर्षानुवर्षे कोरड्या जागी पडल्यास ठिसूळ होतात. असे भाग काही वेळ पाण्यात उकळल्यास त्यांची लवचीकता बऱ्याच अंशी परत येते. एबीएसच्या चॅसीला हा उपाय लागू नाही. ती उकळत्या पाण्यात वाकडी होण्याचाच धोका असतो.

गिअरबॉक्स उघडल्यावर जुने ग्रीस पूर्ण पुसून प्लॅस्टिकला न खाणारे नवे ग्रीस दातांवर पातळ लावतात. भरपूर ग्रीस म्हणजे उत्तम वंगण, हा समज चुकीचा आहे, कारण जादा ग्रीस आसाच्या कडेने बाहेर येते आणि त्यावर बसलेली वाळू कानशीसारखी काम करते. डिफरन्शियलमध्ये मात्र मुद्दाम घट्ट ग्रीस भरण्याची पद्धत आहे. त्यामुळे वळणावर आतले चाक हवेत गरगरून सगळी शक्ती वाया घालवत नाही.

शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल कालांतराने झिरपते. ते बदलताना दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढावे लागतात आणि गळती असल्यास रबरी कड्या बदलाव्या लागतात. कवचाला भेग गेल्यास तिच्या टोकाशी बारीक भोक पाडतात, म्हणजे ताण एका बिंदूवर एकवटत नाही आणि भेग पुढे सरकत नाही. मग आतून जाळीची पट्टी लवचीक गोंदाने चिकटवतात.

मूळ हॉर्नेटमध्ये यांत्रिक वेगनियंत्रक होता. सर्व्हो एक बाहू हलवून तांब्याच्या संपर्कांवर फिरवी आणि कमी वेगात जादा ऊर्जा रोधकातून उष्णतेच्या रूपात जाई. हे संपर्क काळे पडले की गाडी धक्के खाते. ते एकमेकांना चिकटल्यास, किंवा रिसीव्हरला पुरवठा करणारे वेगळे सेल मध्येच संपल्यास, गाडी पूर्ण वेगाने सुटते आणि थांबवता येत नाही. म्हणून केवळ प्रदर्शनासाठी नसलेल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक बसवणे हा शोभेचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या संचांऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झचा संच वापरल्याने एकमेकांच्या लहरींत अडथळा येण्याचा त्रासही मिटतो.

सुधारणा

हॉर्नेटमधील सुधारणांचा अनुभव एका गोष्टीकडे वारंवार बोट दाखवतो: एक भाग बळकट केला की ताण शेजारच्या भागावर जातो. मूळ गाडी ५४० मोटारीच्या ताकदीला अनुरूप आखलेली होती आणि तिचा समतोल त्या मर्यादेतच टिकतो.

सर्वांत निरुपद्रवी सुधारणा बेअरिंगची. संचात येणारे प्लॅस्टिकचे किंवा धातूचे बुश वाळूने झिजतात. मग आस लडबडतो आणि गिअरचे दात एकमेकांत तिरपे बसतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घातल्यास घर्षण घटते, बॅटरी अधिक वेळ पुरते आणि गिअरचे आयुष्य वाढते. टामियाच्या अनेक गाड्यांत चालणारे बाहेरून ११ मिलिमीटर व आतून ५ मिलिमीटर मापाचे बेअरिंग '११५०' या नावाने ओळखले जाते. कोणताही दुसरा भाग यामुळे अधिक ताणाखाली येत नाही, म्हणून अनेकजण जोडणीच्या वेळीच हे करून घेतात.

मागच्या उड्या कमी करण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरमध्ये अधिक घट्ट तेल भरतात, मऊ स्प्रिंग लावतात आणि टायरमध्ये फोमची कडी बसवतात. तिघांपैकी फोमचा परिणाम अनेकदा सर्वांत लवकर जाणवतो, कारण पोकळ टायर हीच एक दमन नसलेली स्प्रिंग असते. याच प्रकारचा गिअरबॉक्स असलेल्या १९८७ च्या लंच बॉक्स या गाडीत गिअरबॉक्स आणि चॅसी यांच्यामध्ये पाचवा शॉक ॲब्सॉर्बर जोडण्याची पद्धत रूढ आहे. पेटीचे डोलणे रोखण्याचा हा उपाय दोषाच्या मुळाशी जाणारा आहे.

मोटार बदलणे हा मात्र मोहाचा भाग होय. अधिक वेगवान ब्रश मोटार किंवा ब्रशविरहित मोटार बसवता येते आणि पहिल्या काही मिनिटांत गाडी ओळखू न येण्याइतकी चपळ होते. त्यानंतर डिफरन्शियलचे दात, मागचा आस आणि गिअरबॉक्स धरून ठेवणारा चॅसीचा भाग यांवर भार येतो. आस पोलादी केल्यास दात जातात आणि दात सांभाळले तर चॅसीला भेग पडते. पुढच्या बाजूसही हेच घडते. मूळ प्लॅस्टिकचा बंपर धडकेत वाकून आघात पचवतो, तर ॲल्युमिनियमचा भाग तो आघात जसाच्या तसा चॅसीकडे पाठवतो. सुकाणूतील सर्व्हो सेव्हर, म्हणजे धडकेत मागे सरून सर्व्होचे दात वाचवणारी लवचीक जोडणी, फार ताठ निवडल्यास गाडी सरळ जाते खरी, पण पहिल्याच दगडावर सर्व्होचे दात तुटतात.

बॅटरीच्या बाबतीत मूळ ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम संचाची जागा निकेल-मेटल हायड्राइड संचाने सहज घेतली. दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची गणली जाते, पण पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्ट देते. तिचा प्रत्येक घट साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरल्यास कायमचा खराब होतो. त्यामुळे वेळीच पुरवठा तोडणारा वेगनियंत्रक नसल्यास ती वापरू नये. जुन्या चॅसीतील कप्पा गोलाकार सेलांच्या संचासाठी घडवलेला असल्याने चौकोनी कवचाची बॅटरी त्यात अनेकदा बसत नाही. तेवढ्यासाठी कप्पा कापण्याऐवजी गोल कडांच्या कवचाची बॅटरी शोधणे शहाणपणाचे, कारण कापलेली मूळ चॅसी पुन्हा मूळ होत नाही.

जतन आणि मौलिकता

१९८० च्या दशकातील, न उघडलेला संच आणि त्याच काळातील पण धावलेली गाडी यांचे मोल संग्राहकांच्या दृष्टीने फार भिन्न असते. फेरनिर्मित भाग बसवलेली जुनी गाडी या दोहोंच्या मधली ठरते. तिच्यात चॅसी जुनी, बाहू नवे आणि चिकटपट्ट्या नक्कल केलेल्या असू शकतात. चालवण्यासाठी यात काहीच वावगे नाही. विकताना मात्र कोणता भाग कोणत्या काळाचा हे सांगणे अपेक्षित असते. काढलेले मूळ भाग, अगदी तुटलेलेही, पिशवीत नोंद करून जपण्याची चांगली प्रथा आहे.

दीर्घकाळ ठेवायची गाडी बॅटरी काढून, उन्हापासून दूर आणि चाके जमिनीला न टेकतील अशी ठोकळ्यावर ठेवतात. अन्यथा टायर एका बाजूने चपटे होतात आणि स्प्रिंगांवर विनाकारण भार राहतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून अथवा पूर्ण रिकामी न ठेवता प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी आणि गाडीपासून वेगळी, आग न पकडणाऱ्या डब्यात साठवावी.