सावित्रीची गोष्ट आणि वडाचे झाड

ज्येष्ठाची पौर्णिमा आली म्हणजे गावाबाहेरच्या वडाकडे सकाळपासून बायकांची रीघ लागते. ताटात हळदकुंकू, सुताची गुंडी, आंबे. खोडाला सूत गुंडाळीत फेऱ्या घालायच्या, सात जन्म हाच पती मिळो म्हणायचे, सवाष्णीला आंब्याचे वाण द्यायचे आणि उपास धरायचा. हे सारे आपण जाणताच. पण यातले मूळ गोष्टीत किती आहे बरे?

गोष्ट महाभारतातली, वनपर्वातली. मद्र देशाच्या अश्वपती राजाने सावित्रीला रथात बसवून स्वतःच वर शोधायला धाडले. (त्या काळी, बरे का!) तिने राज्य गमावलेल्या आंधळ्या राजाचा वनात राहणारा मुलगा निवडला. वर्षभरात तो मरणार, असे नारदांनी सांगितले. दुसरा वर पाहा, असे बापाने विनवले. ती बधली नाही. मरणाचा दिवस चारावर आला तेव्हा तिने तीन रात्रींचे व्रत धरले, उपाशी आणि उभ्याने. चौथ्या दिवशी तशीच उपाशी नवऱ्यामागे रानात गेली.

पुढे यम सत्यवानाला घेऊन निघाला, तर ही मागोमाग चालतेच आहे आणि बोलतेच आहे. सात पावले बरोबर चालले की मैत्री जडते, असे तिने यमालाच ऐकवले! तिच्या बोलण्यावर खूष होऊन तो वर देत गेला. सासऱ्याची दृष्टी, त्यांचे राज्य, बापाला शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र. हा चौथा वर दिल्यावर नवरा परत देणे भागच होते. गुरुजींनी ही गोष्ट शाळेत सांगताना हा संवाद गाळू नये. मुलांना सत्यवान उठला तेवढेच ठाऊक असते.

या कथेत सूत नाही, फेरे नाहीत, सत्यवान वडाखाली पडला असेही नाही. वड आला तो पुढच्या व्रतकथांतून. तिथीही एक नाही. उत्तरेत हे व्रत अमावास्येला, म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी होते. वडच का, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पारंबी भुईला टेकली की तिचेच खोड होते, आणि मूळ खोड गेले तरी झाड उभे राहते.

शहरात आता जवळ वड नसतो. मग बाजारात त्याच्या फांद्या विकायला येतात, घरच्या पाटावर त्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी सुतासकट त्या उकिरड्यावर दिसतात.