डोक्यावरचा पेटारा, चाकांवरचा पेटारा

वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, आजगावकर, चेंदवणकर, पार्सेकर. दशावतारी नाटक मंडळांची ही जुनी नावं म्हणजे कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि पलीकडच्या पेडणे महालातली गावंच. गंमत अशी, की ज्या गावाचं नाव मंडळ मिरवतं, त्या गावात कार्तिक ते वैशाख ते सहसा सापडत नाही. तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रा सुरू झाल्या, की आज या देवळात तर उद्या त्या. पावसाची चाहूल लागेपर्यंत हेच चालायचं. गावोगावच्या जत्रा कोणत्या मंडळाच्या, हे बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असल्यामुळे फिरण्याचा क्रमही जवळजवळ बांधलेला.

दशावतारातल्या पात्रांबद्दल आणि आयत्या वेळी रचल्या जाणाऱ्या संवादांबद्दल बरंच बोललं जातं. सहा महिन्यांचा हा फिरता संसार वाहून कसा नेला, याचा इतिहासही तितकाच रंगतदार आहे.

पूर्वी हा संसार माणसांच्या डोक्यावरून जायचा. दक्षिण कोकणात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडीरस्ते फारसे नव्हतेच. मालवण ते वेंगुर्ला हा पट्टा नकाशावर सरळ दिसतो, पण चालायला निघालं की दर काही मैलांवर खाडी किंवा नदी आडवी. उत्तरेला गड नदी, मग कर्ली आणि दक्षिणेला तेरेखोल. मध्ये जांभ्या दगडाचे सडे, दोन्ही बाजूंना गडगे घातलेल्या अरुंद पाणंदी आणि उतरणीच्या घाट्या. तिथे चाक काय कामाचं? जड माल बंदरातून गलबतानं जायचा, हलका माल डोक्यावरून. दशावतारी मंडळीही त्याच वाटेनं गेली. खाडी आली की तर, म्हणजे होडी. ती पलीकडे लागली की पुन्हा पेटारा डोक्यावर. रात्रभर नाटक करून, सकाळी दहीकालो आटोपून, दोन-चार कोस चालत पुढचं गाव गाठायचं आणि त्याच रात्री पुन्हा तोंडाला रंग लावायचा. राजाचं काम करणाऱ्यालाही यातून सुटका नव्हती.

पेटारा वेताचा किंवा बांबूचा, झाकणाचा, वजनाला हलका आणि वारा खेळता राहील असा विणलेला. हवेचं महत्त्व कोकणात राहिलेल्याला सांगायला नको. घामानं भिजलेली साडी लाकडी पेटीत बंद केली तर तिला दोन दिवसांत बुरशी येते. पेटाऱ्यात राजांचे अंगरखे, स्त्रीपात्रांच्या साड्या, कमरपट्टे, बेगड लावलेले मुकुट, लाकडी तलवारी आणि गदा, संकासुराचा काळा पोशाख. सगळ्यांत मानाचा गणपतीचा मुखवटा. गावात पोहोचल्यावर रंगपटासाठी मिळालेल्या जागेत आधी पेटाऱ्यातल्या गणपतीपुढे दिवा लागतो, आरती होते आणि मगच कुणी रंगाला हात लावतो. म्हणजे कपाट आणि देवघर एकाच विणलेल्या डब्यात. बाहेर उरते पायपेटी, मृदंग आणि झांज. रंगमंच म्हणाल तर सभामंडपातली मोकळी जागा आणि एक बाकडं. त्यावर कापड टाकलं की ते सिंहासन होतं, तेच पुढच्या प्रवेशात रथही होतं. बाकडं गावात मिळतं, म्हणून ते वाहायचं नाही.

मंडळाजवळ काय नव्हतं, हे पाहिलं तर पेटाऱ्याची करामत कळते. तंबू नव्हता, कनात नव्हती, झोपायला खोली नव्हती. देशावरच्या तमाशाच्या फडाशी तुलना करून पाहावी. फड उघड्या माळावर उभा राहतो. त्यामुळे त्याला तंबू, कनाती, खांब आणि रंगमंचाच्या फळ्या असं सगळं सोबत न्यावं लागतं. पुढे ट्रक आणि जनरेटर आले आणि एका फडाचा पसारा छोट्या गावाएवढा झाला. दशावतारी मात्र देवळाच्या भरवशावर निघाले. सभामंडप हे नाट्यगृह, पडवी ही झोपायची जागा, विहिरीवर अंघोळ, गावाकडून आलेल्या शिध्यावर जेवण. घर सोबत न्यायची गरजच गावानं ठेवली नाही. सिंधुदुर्गात चाकांवरचं घर घडलं नाही, याचं मोठं कारण हे असावं.

पुढे घाटरस्ते झाले आणि बैलगाडीचे दिवस आले. वेंगुर्ला बंदरातून आंबोली घाटानं बेळगावकडे, फोंडाघाटानं कोल्हापूरकडे गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. वेंगुर्ल्याचा हा व्यापार दक्षिण मराठा रेल्वे आणि मुरगावची गोव्याची रेल्वे आल्यावर, 1880 नंतरच्या दशकात उतरला. गाड्या मात्र गावागावांत राहिल्या. गाडी ही खऱ्या अर्थानं घरच्या घरी घडवायची वस्तू. लाकूड आपल्या रानातलं, ऐन किंवा किंजळीचं. सुतार गावातला, लोहार शेजारच्या वाडीतला. चाकाचे बारा आरे, मधला तुंबा आणि बाहेरचे सहा पाटे सुतारानं जुळवून ठेवले की खरा सोहळा धाव चढवण्याचा. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा बोटभर कमी ठेवायची. शेण्या आणि करवंट्यांच्या जाळात ती लाल करून फुगवायची. तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचं. धाव आवळते तसे सांधे करकर वाजत एकमेकांत रुततात. मोजणी चुकली तर धाव पहिल्याच उतारावर निसटते. साटीवर बांबूच्या कांबींची कमान करून त्यावर चटई नाहीतर विणलेले झाप टाकले की माणसं न्यायची गाडी तयार. लांबच्या वाटेवरचे गाडीवान रात्री बैल सोडून, जू टेकवून याच गाडीत किंवा गाडीखाली आडवे व्हायचे. रस्ता होता तिथे दशावताराचे पेटारेही असल्या गाड्यांत चढले.

बाहेरच्या जगात घरच्या घरी घडवायच्या, आत झोपता येणाऱ्या गाडीचा असाच एक प्रकार 1930 च्या दशकात अमेरिकेत रुजला. मोटारीमागे ओढायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची बुटकी गाडी. आत जेमतेम दोन माणसांची गादी आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. उभं राहायला जागा नाही. जेवण, गप्पा, हात धुणं, सगळं बाहेर. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकानं 1947 मध्ये तिचे आराखडे छापले आणि लोक आपापल्या गॅरेजात ती बांधू लागले. अनेकांनी मापं घेतली ती आठ फूट बाय चार फूट प्लायवूडच्या तक्त्यावरून, कापाकापी कमी व्हावी म्हणून. मालवणच्या होडी बांधणाऱ्या सुताराला हे काम पाहताक्षणी कळलं असतं: आधी फासळ्या, मग त्यांच्यावर वाकवलेलं आवरण. फरक गरजेचा होता. तिकडे सुट्टीसाठी मुद्दाम उघड्यावर जायचं होतं. इकडे उघड्यावरून शक्य तितक्या लवकर देवळात पोहोचायचं होतं.

1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काळात लाल गाडी कोकणातल्या आडवळणाच्या वाड्यांपर्यंत पोहोचली. तिच्यातला एक प्रकार या गोष्टीत आणायलाच हवा, तो म्हणजे वस्तीची गाडी. रात्री शेवटच्या गावाला जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी. ड्रायव्हर-कंडक्टरनं रात्र काढायची ती शाळेच्या नाहीतर देवळाच्या पडवीत, किंवा सरळ गाडीतल्या बाकांवर. अंथरूण सोबत, पाणी गावाचं. कुणी तिला फिरतं घर म्हटलं नाही, पण गावोगावी हजारो रात्री तिनं तेच काम केलं. नाटकवाल्यांची अडचण वेगळी होती. त्यांचं काम पहाटे संपतं आणि सामान एसटीच्या टपावर चढवायला कंडक्टर राजी असावा लागतो.

मंडळांनी मग भाड्याचा ट्रक, टेंपो आणि कालांतरानं स्वतःची गाडी, अशा पायऱ्या चढल्या. आज गाडीच्या दोन्ही बाजूंना मंडळाचं नाव ठळक रंगवलेलं असतं आणि जत्रेच्या मैदानात ती पाहूनच प्रेक्षक ठरवतो, आज जागायचं की नाही. आतली रचना कुणा अभियंत्यानं काढलेली नसते, वापरातून ठरत जाते. मागं सामान, पुढं माणसं. मुकुट दबू नयेत म्हणून वर, वजनदार पेट्या खाली, वाद्यं हाताशी. सकाळच्या परतीत निम्मी मंडळी बसल्याजागी झोपलेली असतात, कुणाच्या कानामागे सफेता तसाच राहिलेला. डोक्यावरचा पेटारा मोठा होऊन चाकांवर बसला, एवढंच.

याच मातीतल्या दुसऱ्या फिरत्या कलेचा मार्ग वेगळा निघाला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन सावंतवाडी संस्थानातली देवळं फिरत. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, काखोटीला मारता येईल एवढा. प्रेक्षक ओसरले तेव्हा परशुराम गंगावणे यांनी फिरणं उलटं केलं: गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं आणि लोकांनाच पिंगुळीला यायला लावलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्याच वर्षी राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे. त्यामुळे गादी, शेगडी आणि शौचालय असलेल्या गाड्या तारकर्ली-देवबागच्या वाटेला लागल्या तर नवल नाही. अशा गाडीला उभं राहायला जागा लागते, वीज आणि पाण्याची जोडणी लागते, मैला काढायची सोय लागते. मंडळाच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही, कारण ते सगळं अजून देऊळ पुरवतं.

मात्र मंडळाचाही भार वाढतो आहे. ‘ट्रिकसीन’, म्हणजे चमत्काराचे देखावे, असलेल्या नाटकांना गर्दी होते आणि त्यासाठी पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, धुराची यंत्रं असं एकेक सामान गाडीत चढत जातं. मुंबईत चाकरमान्यांसाठी सभागृहात प्रयोग लागला की बाकड्यावर भागत नाही, नेपथ्यही न्यावं लागतं. एका गाडीच्या दोन होतात, डिझेलचा खर्च बिदागीत धरावा लागतो आणि लहान देवळाच्या जत्रेला तो परवडेनासा होतो. म्हणून काही ठिकाणी जत्रेच्या रात्री जुन्या पद्धतीचं, पेटाऱ्यात मावेल तेवढंच नाटक होतं आणि ट्रिकसीनचा प्रयोग दुसऱ्या दिवशी, देणगीदार मिळाला तर.