शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे मराठी ग्रंथकार, शिक्षक आणि भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ (१८९६) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. यातील ‘ज्योतिष’ हा शब्द जुन्या, व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. त्यात ग्रहगणित, कालगणना व पंचांग यांचा समावेश होतो आणि फलज्योतिष हा त्याचा केवळ एक भाग ठरतो. दीक्षितांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. हयातभर शाळाखात्यात नोकरी करीत त्यांनी हा विषय मुख्यतः स्वाध्यायाने आत्मसात केला.

जीवन

दीक्षितांचा जन्म कोकणात दापोलीजवळील मुरुड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही हेच गाव. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे येथे त्यांनी अध्यापन केले. यांपैकी काही गावी मोठे ग्रंथालय तर नव्हतेच, या विषयावर बोलता येईल असा माणूस मिळणेही कठीण होते. पुणे येथे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अभ्यासाचे स्वरूप

या विषयाला तीन वेगवेगळ्या विद्यांची गरज होती. वेदांपासून सिद्धांतग्रंथांपर्यंतचे संस्कृत वाङ्मय वाचता येणे, पंचांग करणाऱ्या जोशांची गणितपद्धती ठाऊक असणे आणि युरोपीय ज्योतिषातील नव्या मानांशी परिचय असणे. शास्त्री पहिली जाणत, जोशी दुसरी, इंग्रजी शिकलेले पदवीधर तिसरी. तिन्ही एका ठिकाणी क्वचितच आढळत. अनेक सिद्धांत व करणग्रंथ तेव्हा छापलेले नव्हते, त्यामुळे हस्तलिखितांवर भिस्त ठेवावी लागे. ग्रंथकाराचा काळ केवळ परंपरेवरून न स्वीकारता त्याने दिलेली वर्षमाने, ग्रहांचे भगण आणि क्षेपक स्वतः गणित करून पडताळावयाचे, ही दीक्षितांची रीत होती. शिकविण्यास गुरू नसला, तरी या विषयात चूक लपत नाही. गणित चुकले तर वार जुळत नाही किंवा ग्रह आकाशात सांगितलेल्या जागी दिसत नाही.

गुप्तसंवताचा निर्णय

या पडताळ्याचे ठळक उदाहरण म्हणजे गुप्तसंवत. गुप्त राजांच्या लेखांतील वर्षे कोणत्या आरंभापासून मोजावयाची, याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा मतभेद होता. निरनिराळ्या विद्वानांच्या मतांत दोन शतकांहून अधिक अंतर पडे. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांचा संग्रह प्रसिद्ध करून संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० असा ठरविला. त्यांचा मुख्य आधार मंदसोरचा शिलालेख हा होता. तिथिवारांचे गणित दीक्षितांनी करून दिले.

मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. अल्बेरुनीने गुप्तसंवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे लिहिले आहे. त्याप्रमाणे १६५ मध्ये २४१ मिळविले असता शके ४०६ येते. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी २१ जून ४८४ रोजी पडते आणि त्या दिवशी गुरुवारच येतो. बारा महिन्यांचे चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे ५० आठवडे व ४ दिवसांचे असते. मध्ये अधिक मास आला तर सुमारे ३८४ दिवसांचे. म्हणून आरंभ एका वर्षाने जरी पुढेमागे धरला, तरी तीच तिथी त्याच वारी येत नाही. अर्थात वार सातच असल्यामुळे एखादा मेळ योगायोगानेही बसू शकतो. यासाठी अनेक लेख तपासणे अवश्य ठरते.

कृत्तिका आणि शतपथ ब्राह्मण

कृत्तिका पूर्व दिशा सोडीत नाहीत, अन्य नक्षत्रे सोडतात, अशा आशयाचे विधान शतपथ ब्राह्मणात आहे. त्याचे ज्योतिषगणितातील महत्त्व दीक्षितांनी दाखवून दिले. खगोलीय विषुववृत्तावरील ताराच नेमका पूर्वेस उगवतो. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेस आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून त्या पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवताना दिसतात. अयनचलनामुळे संपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. या गतीने मागे गेल्यास कृत्तिका विषुववृत्तावर असण्याचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा निघतो.

हे गणित बरोबर आहे. वाद आहे तो त्यावरून काढलेल्या अनुमानाविषयी. ब्राह्मणग्रंथांची रचना सामान्यतः इ.स.पू. पहिल्या सहस्रकात मानली जाते. त्यामुळे हे विधान जुन्या निरीक्षणाची परंपरागत स्मृती असावी किंवा ‘पूर्व’ हा शब्द तेथे स्थूल अर्थाने आला असावा, असे आक्षेप घेण्यात आले आहेत.

इतर कार्य

विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासमवेत दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. या पद्धतीत मकरसंक्रांत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस, प्रत्यक्ष उत्तरायणारंभी येते. लोकांनी ती स्वीकारली नाही; सणांचे दिवस बदलणे हे गणित पटविण्याहून अवघड असते. ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे पुस्तक सामान्य वाचकाला आकाशदर्शनाची गोडी लावण्यासाठी लिहिलेले आहे. रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगावर तयार केलेला इंग्रजी कोष्टकग्रंथ १८९६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. शिलालेखांतील मित्या इंग्रजी तारखांत आणण्यासाठी संशोधकांनी तो दीर्घकाळ वापरला.

‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’च्या पहिल्या भागात वैदिक व वेदांगकाळाचा आणि दुसऱ्यात सिद्धांतकाळापासून लेखकाच्या समकालीनांपर्यंतचा इतिहास आहे. भारतीय ज्योतिषाच्या स्वतंत्रतेविषयीची त्यातील काही मते आज मान्य होत नाहीत, परंतु ग्रंथ व ग्रंथकार यांविषयी त्यांनी जमविलेली माहिती अजूनही उपयोगी पडते. रा. वि. वैद्य यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद भारत सरकारने १९६९ व १९८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला.